ब्रेक दाबल्यावर खरखर येते का? घाट उतरण्याआधी हे वाचा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रेकमधून दोन वेगळे आवाज येतात. दोन्हींचा अर्थ वेगळा आणि खर्चही वेगळा.

पहिला बारीक, चिरका: चींऽऽ. बऱ्याच ब्रेक पॅडना, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्यांना, पत्र्याची एक लहान जीभ असते. पॅडवरचा घासणारा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. नव्या पॅडवर हाच थर साधारण दहा मिलिमीटर असतो. दुसरा आवाज जाड, जात्यात खडा सापडल्यासारखा: खर्रर्र. तो कानाला येतो तसा पायालाही पेडलवर जाणवतो. तेव्हा थर संपलेला असतो आणि पॅडमागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत असते. पहिल्या आवाजाला आलात तर पॅड बदलून भागते. दुसऱ्यापर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा डिस्कही जाते. त्याहून ताणले तर कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतला) पिस्टन नको तितका बाहेर येतो आणि ब्रेक ऑइल गळू शकते. ती जीभ सगळ्या पॅडना नसते, म्हणून आवाज नाही म्हणजे ब्रेक ठीक, असे धरू नका.

प्रत्येक खरखर पॅडचीच नसते

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाची पातळ साय धरते. सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात आणि मग आवाज जातो. त्याची काळजी नको. ब्रेक न दाबताही सतत खरवडल्यासारखे वाजत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये गिट्टीचा खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या जागी हळू थोडे मागे-पुढे केले की कधी कधी तो आपणच पडतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुमघुम असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्या. निसरड्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल थरथरते आणि घरघर ऐकू येते, ते एबीएसचे, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे काम आहे. तेव्हा घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा.

आवाज कोणत्या बाजूचा ते कळत नसेल, तर काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीलगत हळू गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू लगेच समजते.

बाहेरून दिसते तेवढ्यावर जाऊ नका

मोबाइलचा टॉर्च अलॉय व्हीलच्या फटीतून मारला की बाहेरचा पॅड दिसतो. अनेक जण तो पाहून निश्चिंत होतात. ओंकारेश्वरहून परतलेल्या एका कुटुंबाची गाडी आमच्याकडे आली होती. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक, आतला मात्र पूर्ण संपलेला, आणि डिस्कच्या आतल्या अंगाला नखाला लागतील अशा चऱ्या. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडने घेतला. नुसते पॅड बदलून दिले असते तर तीच वेळ पुन्हा आली असती. म्हणून आम्ही पिना काढून साफ करतो आणि त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावतो. साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते.

पॅड नेहमी एकाच अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांना बदलतो, नाहीतर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजतो. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेलीच असते. लेथवर फेसिंग (डिस्क घासून सपाट) केल्यावर जाडी त्याच्या वर राहणार असेल तरच आम्ही फेसिंग सुचवतो, नाहीतर नवी डिस्क. तो आकडा तुम्हाला दाखवून मगच काम धरतो. बऱ्याच फॅमिली एसयूव्हींना मागे डिस्कऐवजी ड्रम असतात, तेही उघडून आतले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे पॅड) बघतो.

एक विनंती मनापासून: ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली गेली म्हणून घरी भरू नका. पॅड झिजले की पातळी खाली येतेच, पण गळतीनेही येते. भरून टाकले की दोन्हींची खूण झाकली जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून सहसा दोन वर्षांनी बदलावे लागते. ओलावा धरलेले ऑइल लांब उतारावर तापून उकळते आणि पेडल पोकळ लागते.

इंदूरकरांना हे जास्त सांगावे लागते. पलासिया, भंवरकुआँच्या सिग्नलवर आठवडाभर थांबत-चालत पॅड झिजतात, आणि रविवारी तीच गाडी सात माणसे आणि सामान घेऊन भेरूघाट उतरते. पुण्याकडे निघालात तर आधी मानपूर, मग सेंधव्याचा बिजासन घाट. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा, वेग इंजिनाला धरू द्या. जळका वास आला तर बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकू शकते.

गाडी कधी चालवत आणू नये

खरखरीबरोबर पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच चाक भट्टीसारखे तापत असेल, तर टो करून आणा. फक्त आवाज असेल तर सावकाश, गर्दी टाळून सकाळीच या. गार चाकाचे काम नीट होते. नव्या पॅडवर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर ब्रेक हलकेच वापरा. जुने पॅड आम्ही पिशवीत घालून डिकीत ठेवतो, आतला आणि बाहेरचा शेजारी धरून पाहा.