पार्श्वभूमी : परकीय कंपनी, भारतीय भागीदार आणि मधली 'ना हरकत'

परकीय कंपनी भारतात येते तेव्हा बातमी परकीय मालकीच्या टक्केवारीची होते. अमुक क्षेत्रात ४९, तमुक क्षेत्रात ७४, आता पूर्ण १००. कंपनीच्या मुख्यालयात मात्र खल चालतो तो ताब्यावर. कारखाना, ब्रँड आणि तंत्रज्ञान कोणाच्या हातात राहणार? भागीदार घ्यावाच लागला तर पुढे त्याच्यापासून मोकळे कसे होता येईल? भारतातले नियम गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलानंतर या कंपन्यांनी आपली मांडणी नव्याने केली. वाहने, मोबाइल, किरकोळ व्यापार या क्षेत्रांत आज जे दिसते ते त्या जुन्या मांडण्यांवरच उभे आहे.

फेरा, म्हणजे परकीय चलन नियमनाचा कायदा, १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. त्यातल्या कलम २९ मुळे ४० टक्क्यांहून जास्त परकीय हिस्सा असलेल्या कंपन्यांना इथे व्यवसाय चालू ठेवण्यासाठी परवानगी मागावी लागली आणि बहुतेकींना हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगण्यात आले. या काळाचा विषय निघाला की १९७७ मध्ये गेलेली शीतपेय कंपनी आणि १९७८ मध्ये गेलेली संगणक कंपनी, या दोघींचीच गोष्ट सांगितली जाते. खरे तर बहुतेक कंपन्या राहिल्या आणि त्या कशा राहिल्या हे जास्त महत्त्वाचे आहे.

त्यांनी आपले जुने शेअर विकण्याऐवजी नवे शेअर काढले आणि ते भारतीय जनतेला दिले. किंमत सरकारी नियंत्रक ठरवत असे आणि ती बाजारभावापेक्षा बरीच कमी असे, त्यामुळे मध्यमवर्गीयांनी अर्जांसाठी रांगा लावल्या. मूळ कंपनीचा हिस्सा ४० टक्क्यांवर आला. पण उरलेला ६० टक्के हजारो लहान भागधारकांत विखुरला गेल्याने सभेत तिला आव्हान देणारा कोणी राहिला नाही. शिवाय ताजे भांडवल आले आणि विस्ताराच्या परवान्यांसाठी कंपनी भारतीय गणली जाऊ लागली. काहींनी वेगळी वाट धरली. प्राधान्याच्या उद्योगात उतरणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या कंपनीला ४० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत होता. साबण-डिटर्जंट विकणाऱ्या एका बड्या कंपनीने हल्दियाला फॉस्फेट रसायनाचा कारखाना टाकला, निर्यात वाढवली आणि ५१ टक्के राखले.

ऐंशीच्या दशकात दार किलकिले झाले, पण भागीदारासह. १९८२ मध्ये जपानी मोटार कंपनीने केंद्र सरकारच्याच कंपनीत २६ टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावहून पहिली गाडी बाहेर पडली. सुट्या भागांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने इथे आणण्याची अट असल्याने पुरवठादारांची अख्खी फळी इथेच उभी राहिली. १९८८ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी शीतपेय कंपनीला पंजाबात परवानगी मिळाली, ती अन्नप्रक्रिया, निर्यातीची हमी आणि भारतीय भागीदार या अटींवर. ब्रँडच्या नावाआधी देशी शब्द जोडावा लागला आणि होशियारपूर जिल्ह्यात टोमॅटो प्रक्रियेचा कारखाना काढावा लागला. विकायचे होते शीतपेय, पण प्रवेश मिळाला शेतीच्या वाटेने.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाची उजळणी इथे करत नाही. त्यातली ३४ प्राधान्य उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय हिश्शाला आपोआप मंजुरी ही तरतूद तेवढी लक्षात ठेवायची. तिचा पहिला परिणाम नवी गुंतवणूक येण्याआधी जुन्या कंपन्यांत दिसला. पूर्वी ४० टक्क्यांवर आलेल्या मूळ कंपन्यांनी ५१ गाठण्यासाठी स्वतःलाच नवे शेअर देऊ केले, तेही बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात. सत्तरच्या दशकात स्वस्त शेअर मिळालेल्या लहान भागधारकाच्या खिशातून ते परत काढून घेण्याचाच हा प्रकार होता. १९९४ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने अशा प्राधान्य वाटपाची (निवडक भागधारकांनाच नवे शेअर देण्याची) किंमत मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी भावाशी बांधली तेव्हा हे थांबले. तोवर अनेक कंपन्यांचे काम झाले होते.

याच सुमारास देशी उद्योगांत अस्वस्थता वाढली. १९९३ मध्ये काही मोठ्या उद्योगपतींनी मुंबईत एकत्र येऊन परकीयांशी स्पर्धा करण्यासाठी समान संधी मागितली. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. परकीय कंपनी आधी भारतीय भागीदाराबरोबर संयुक्त कंपनी काढे आणि त्याच्याकडून बाजार, वितरक, कामगार, सरकारदरबारची रीत शिकून घेई. नियम सैल होताच शेजारी स्वतःची १०० टक्के मालकीची कंपनी उभी करी आणि नवे मॉडेल, नवे तंत्रज्ञान तिथे नेई. संयुक्त कंपनीत मग जुने मॉडेल आणि कर्ज उरे.

त्यावर उत्तर म्हणून १४ डिसेंबर १९९८ रोजी प्रेस नोट १८ निघाली. परकीय गुंतवणुकीच्या धोरणातला बदल सरकार अशा प्रेस नोटमधून जाहीर करते. या विषयावर लिहिताना अनेक जण तिला एका वाक्यात उरकतात. माझ्या मते १९९८ ते २०११ ही मधली बारा वर्षे समजून घ्यायची तर या एका कागदावर थांबावे लागते. तिचा आशय असा: ज्या परकीय कंपनीचा भारतात आधीच संयुक्त उपक्रम, तंत्रज्ञान करार किंवा ट्रेडमार्क करार आहे, तिला त्याच किंवा संलग्न क्षेत्रात नवा उपक्रम काढायचा असेल तर आपोआप मंजुरीची वाट बंद. सरकारकडे अर्ज करायचा आणि नव्या उपक्रमाने जुन्या भागीदाराच्या हिताला बाध येत नाही हे पटवून द्यायचे. सिद्ध करण्याची जबाबदारी परकीय कंपनीवर.

कागदावर निर्णय सरकारचा होता. व्यवहारात जुन्या भागीदाराचे 'ना हरकत' पत्र जोडले असेल तर फाइल हलायची, नसेल तर अडायची. म्हणजे सरकारने मंजुरीचा अधिकार एका अर्थी खासगी भागीदाराच्या हाती दिला आणि त्या पत्राला किंमत आली. करार संपला असला, संयुक्त कंपनी आजारी पडली असली, भागीदाराने नवे भांडवल घालायला नकार दिला असला, तरी पत्र लागायचेच.

'संलग्न क्षेत्र' म्हणजे काय यावरून तर मोठाच घोळ झाला. पुढच्या वर्षी खुलासा निघाला की उद्योगांच्या १९८७ च्या राष्ट्रीय वर्गीकरणातला चार अंकी संकेतांक जुळला तर क्षेत्र 'समान' आणि तीन अंकी जुळला तर 'संलग्न'. हे वर्गीकरण तयार झाले होते आकडेवारी गोळा करण्यासाठी. कोणता धंदा कोणाच्या पोटावर पाय आणतो हे त्यातून कळण्याची सोयच नव्हती. तीन अंकी गट इतका ऐसपैस असे की ग्राहक वेगळे, कच्चा माल वेगळा, तरीही दोन वस्तू एका गटात पडायच्या. उलट खरोखर एकमेकींची जागा घेणाऱ्या दोन वस्तू वेगळ्या गटांत असल्या तर आडकाठी नसायची. अर्ज लिहिणाऱ्या वकिलांचा बराच वेळ मग उत्पादनाचे वर्णन कोणत्या संकेतांकात बसवायचे यात जायचा.

कंपन्यांनी यातूनही वाट काढली. काहींनी भागीदाराचा हिस्सा विकत घेतला किंवा स्वतःचा त्याला विकून बाहेर पडल्या. ज्या नव्याने येत होत्या त्यांनी करारातच कलम घालून घेतले की पुढे मागितल्यास भारतीय भागीदार विनाअट 'ना हरकत' देईल. काहींनी भागीदारच नको असे ठरवले आणि आपल्या क्षेत्रात १०० टक्के खुले होईपर्यंत थांबल्या. ही तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत बोलकी वाटते. ज्या नियमाने भारतीय भागीदाराला संरक्षण द्यायचे, त्यानेच भागीदार घेणे जोखमीचे करून ठेवले.

दुचाकींचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एका जपानी कंपनीचे १९८४ पासून इथे दोन संसार होते, मोटरसायकलसाठी हरियाणात आणि स्कूटरसाठी पुण्याच्या एका घराण्याबरोबर. १९९८ मध्ये तिने स्कूटरच्या कंपनीतला हिस्सा पुण्याच्या भागीदाराला विकला. १९९९ मध्ये हरियाणातल्याच मानेसरला पूर्ण मालकीची कंपनी काढली, पण सुरुवात केली फक्त स्कूटरपासून. मोटरसायकल तिने २००४ मध्ये आणली, कारण तोवर हरियाणातल्या भागीदाराच्या वाटेत न येण्याचे ठरले होते. तो संसारही पुढे डिसेंबर २०१० मध्ये मोडला. दोन्ही भागीदारांचे प्रत्येकी २६ टक्के होते, त्यातले जपानी २६ भारतीय कुटुंबाने घेतले.

सगळेच प्रसंग इतक्या शिस्तीत सुटले नाहीत. बिस्किटांच्या एका जुन्या कंपनीत फ्रेंच खाद्यकंपनी आणि मुंबईचे एक उद्योगघराणे बरोबरीचे मालक होते. फ्रेंच कंपनीने २००६ मध्ये बंगळुरूच्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत पैसे घातले तेव्हा घराण्याने हरकत घेतली की आमची संमती हवी होती. एका बिस्किटाचे नाव परदेशात आपल्या परस्पर नोंदवल्याचा आरोपही झाला. वर्षानुवर्षे वकील लढत राहिले आणि २००९ मध्ये फ्रेंच कंपनी आपला हिस्सा विकून बाजूला झाली.

१२ जानेवारी २००५ च्या प्रेस नोट १ ने दोर सैल केला. 'संलग्न' वगळले, फक्त 'समान' क्षेत्र ठेवले. नियम त्या तारखेला अस्तित्वात असलेल्या करारांपुरताच राहिला. संयुक्त कंपनी बंद किंवा आजारी असेल, अथवा कोणाचाही हिस्सा ३ टक्क्यांहून कमी असेल, तर सूट मिळाली. नव्या करारांत हितसंबंधांचा संघर्ष कसा सोडवायचा ते दोन्ही पक्षांनी आपापले लिहून घ्यावे असे सांगितले. एप्रिल २०११ पासून उरलेली अटही गेली. भारतीय भागीदारांनी नाराजी दाखवली, पण तोवर ज्यांना वेगळे व्हायचे होते ते बहुतेक झालेले होते.

भागीदाराची अट गेली तरी यजमान देशाला घासाघीस करायला दुसरे साधन लागतेच, आणि ते किरकोळ व्यापारात सापडले. जानेवारी २०१२ मध्ये एकाच ब्रँडच्या दुकानांना १०० टक्के मालकी मिळाली, मात्र ५१ टक्क्यांच्या वर गेल्यास ३० टक्के माल भारतातल्या लघुउद्योगांकडून घ्यायचा. यातली अडचण उघड होती. लहान कारखान्याला जागतिक साखळीची ऑर्डर मिळाली की तो लहान राहत नाही, मग त्याच्याकडून घेतलेला माल अटीत धरायचा की नाही? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लघुउद्योगाची सक्ती 'शक्यतो'वर आली. स्वीडिश फर्निचर साखळीने २०१२ मध्ये अर्ज केला आणि तिचे पहिले दुकान हैदराबादला उघडले ऑगस्ट २०१८ मध्ये. अमेरिकी मोबाइल कंपनीने आधी अटीतून सूट मागितली. २०१९ मध्ये निर्यातीसाठी इथे होणारी खरेदीही ३० टक्क्यांत धरायचे ठरले. तोवर तिच्या कंत्राटदारांनी फोनची जुळणी इथे सुरू केलीच होती. मुंबईचे पहिले दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडले. या टप्प्यात भारताला जास्त मिळाले असे माझे मत आहे, कारण अट खरेदीवर होती आणि खरेदीमागे कारखाना येतो.

१७ एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ ने चित्र पुन्हा फिरवले. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक झाली. त्याच जानेवारीत तळेगावचा अमेरिकी मोटार कारखाना विकत घेण्याचा करार एका चिनी कंपनीने केला होता. मंजुरी आली नाही आणि २०२२ मध्ये करार बारगळला. गुजरातेतल्या हलोलच्या मोटार कारखान्याची मालक असलेल्या दुसऱ्या चिनी कंपनीने वेगळा मार्ग घेतला. नवे भांडवल आणणे अवघड झाल्यावर तिने २०२३ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाला ३५ टक्के हिस्सा देऊन संयुक्त कंपनी केली. तळेगावचा कारखाना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका कोरियन कंपनीने घ्यायचे ठरवले. १९९६ मध्ये तिने भारतात पाऊल ठेवले तेच स्वतःच्या पूर्ण मालकीच्या कंपनीने, त्यामुळे कोणाचे 'ना हरकत' पत्र तिला लागले नाही.