चीट डोंगरावरचा सॅलॅमँडर: जंगल गेलं, दगड उरले

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात चीट डोंगरावर शेवाळलेला दगड हलक्या हाताने उचलला, तर नशिबाने खाली बोटभर लांबीचा काळा जीव दिसतो. पाठीवर पितळी ठिपके, अंगकाठी पालीसारखी, कातडी मात्र बेडकासारखी ओली. हा चीट माउंटन सॅलॅमँडर. या राज्याच्या पूर्वेकडचे काही उंच डोंगर सोडले तर जगात तो कुठेच नाही. (आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत, पालापाचोळ्याखाली राहणारं देवगांडूळ हा त्यांचा लांबचा नातेवाईक.)

त्याला फुप्फुसं नसतात. श्वास कातडीतून, म्हणून कातडी सुकली की जीव गेला. अंड्यांनाही तळं लागत नाही. मादी कुजक्या ओंडक्याखाली किंवा दगडाच्या सांदीत अंडी घालून राखण करते आणि पिल्लं थेट चार पायांनिशी बाहेर येतात. त्याचं सगळं आयुष्य जमिनीतल्या ओलीवर चालतं, आणि ती ओल टिकते रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दाट सावलीत.

नेमकी हीच सावली गेली. १८८० नंतर रेल्वे या डोंगरांत शिरली, १९०१ च्या सुमारास कॅस गाव वसलं ते सॉ मिलसाठीच. १९२० पर्यंत जुनं स्प्रूसचं जंगल जवळजवळ संपलं होतं. मागे पडलेल्या फांद्या वाळल्या, वणवे लागले, आणि कित्येक ठिकाणी शतकानुशतकं साचलेला पालापाचोळ्याचा थर पार खडकापर्यंत जळाला.

जीवशास्त्रज्ञ एन. बेयर्ड ग्रीन यांनी या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते १९३८ मध्ये, आणि शास्त्रीय नाव दिलं उभयचरांचे अभ्यासक ग्रॅहम नेटिंग यांचं. म्हणजे विज्ञानाला त्याची ओळख झाली तेव्हा त्याचं घर मोडून झालं होतं. आधी तो कुठवर पसरला होता, हे आता कोण सांगणार? मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

तो वाचला बहुधा दगडांमुळे. आजही त्याच्या वस्त्या मोठ्या शिळा आणि उघडे कातळ यांच्या आसपास आढळतात, तिथल्या भेगांत गारवा टिकून राहिला असावा. पण त्या वस्त्या एकमेकींपासून तुटलेल्या. पाला निघून गेलेली साधी पायवाटसुद्धा त्याला ओलांडवत नाही. १९८९ मध्ये त्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं. आता चीट डोंगरावरच्या जुन्या कोळसाखाणींची दाबून कडक झालेली जमीन यंत्राने फोडून तिथे रेड स्प्रूसची रोपं लावली जात आहेत.