ढग पृथ्वीला गार ठेवतात की तापवतात? वीरभद्रन रामनाथन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

तापमानवाढीची चर्चा निघाली की कार्बन डायऑक्साइडचं नाव आधी येतं, आणि ते रास्तच आहे. पण पृथ्वी नेमकी किती तापेल, हे सांगताना शास्त्रज्ञांचे आकडे वर्षानुवर्षं एकमेकांशी जुळत नव्हते, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण होतं ढग. 1979 साली अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ ज्युल चार्नी यांच्या समितीनं अंदाज दिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान 1.5 ते 4.5 अंश सेल्सिअसनं वाढेल. 2013 च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची तज्ज्ञ-संस्था) अहवालातही हीच मर्यादा कायम होती. चौतीस वर्षांत संगणक कुठल्या कुठे गेले, तरी अंदाज तिथेच राहिला.

अडचण ढगांच्या स्वभावातच आहे. ढग ऊन परतवून लावतात, म्हणजे गारवा देतात. पण जमिनीतून वर जाणारी उष्णताही ते अडवतात. आभाळ भरलेल्या रात्री थंडी कमी वाजते ती यामुळेच. समुद्रावरचे खालचे, दाट ढग मुख्यतः ऊन परतवतात, तर फार उंचावरचे विरळ, बर्फकणांचे ढग उष्णता जास्त अडवतात. मग सगळी गोळाबेरीज केली तर पारडं कुठं झुकतं? या प्रश्नाचं मोजमाप करून उत्तर देणाऱ्यांत हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांचं नाव अग्रभागी आहे.

त्यांची सुरुवात हवामानशास्त्रात झालीच नव्हती. अण्णामलै विद्यापीठातून इंजिनिअरिंग केल्यावर ते सिकंदराबादला शीतयंत्रांच्या एका कारखान्यात लागले. तिथे यंत्रांतला वायू गळतो कसा, हे शोधणं त्यांच्या कामात होतं. पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथून अमेरिका. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात (स्टोनी ब्रूक) रॉबर्ट सेस यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. सेस तेव्हा इंजिनिअरिंगकडून ग्रहांच्या वातावरणाकडे वळले होते, त्यामुळे रामनाथनही शुक्र-मंगळाच्या हवेतून उष्णता कशी वाहते या गणितात शिरले. तेच गणित पुढे पृथ्वीच्या कामी आलं.

1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर खातात. हे शीतयंत्रांतलेच वायू. ते उष्णतेचं काय करतात, हा प्रश्न रामनाथन यांनी विचारला आणि 1975 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत उत्तर दिलं: यांचा एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णता अडवतो. तोवर मानवनिर्मित तापमानवाढ म्हणजे जवळजवळ फक्त कार्बन डायऑक्साइड, असाच समज होता. 1987 चा माँट्रियल करार ओझोनसाठी झाला, पण त्यानं बरीचशी तापमानवाढही टळली, ती या रेणूंच्या अशा ताकदीमुळेच. 1980 मध्ये रोलंड मॅडन यांच्यासोबत त्यांनी म्हटलं होतं की तापमानवाढीची खूण 2000 सालाच्या सुमारापर्यंत मोजमापांत ओळखू येईल. तसंच झालं.

वायूंचा हिशेब बसत आला, पण ढगांचा राहिला होता. इथे रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी युक्ती केली ती मला त्यांच्या साऱ्या कामांत सर्वांत मोलाची वाटते. ढगाची जाडी, उंची, थेंबांचा आकार असं सगळं मोजत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. त्याऐवजी उपग्रहातून निरभ्र जागेवरची उष्णतेची आवक-जावक मोजायची, मग ढगांसकट सगळी मोजायची, आणि वजाबाकी करायची. उरेल तो ढगांचा परिणाम. ऑक्टोबर 1984 मध्ये ‘चॅलेंजर’ अवकाशयानातून नासाचा ‘ईआरबीएस’ हा उपग्रह सोडला गेला आणि या वजाबाकीसाठी लागणारे आकडे येऊ लागले.

1989 साली निकाल आला. एप्रिल 1985 च्या नोंदींनुसार ढग दर चौरस मीटरमागे सुमारे 44.5 वॅट ऊन परतवत होते आणि सुमारे 31.3 वॅट उष्णता अडवत होते. म्हणजे निव्वळ परिणाम गारव्याचा, सुमारे 13 वॅटचा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यानं पडणारा उष्णतेचा जादा भार चार वॅटच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं तर ढगांची ताकद ध्यानात येते. ते जरा जरी बदलले, तरी सगळं गणित हलणार.

मात्र या निकालाचा अर्थ नीट घ्यायला हवा. आज ढग गारवा देतात, यावरून तापलेल्या जगातही ते तेवढाच गारवा देतील असं निघत नाही. त्याच सुमारास सेस यांच्या पुढाकारानं जगातली हवामान-प्रारूपं (हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणक-प्रणाली) शेजारीशेजारी ठेवून तपासली गेली, आणि त्यांच्या उत्तरांत जवळपास तिपटीचा फरक निघाला. तो मुख्यतः ढगांमुळेच होता.

रामनाथन यांचे सगळेच अंदाज टिकले असं नाही. 1991 मध्ये त्यांनी विल्यम कॉलिन्स यांच्यासोबत मांडलं की उष्ण कटिबंधातला समुद्र फार तापला की वर उंच ढगांची छत्री पसरते आणि पाण्याचं तापमान आपोआप रोखलं जातं. हे तपासायला 1993 मध्ये प्रशांत महासागरात मोठी मोहीमही झाली. बाष्पीभवन आणि वाऱ्यांचे प्रवाह यांचा वाटा यात डावलला गेलाय, असं इतरांनी दाखवून दिलं. 1995 मध्ये सेस, रामनाथन आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की ढग प्रारूपांतल्या आकड्यांपेक्षा खूपच जास्त ऊन शोषतात. पुढच्या मोजमापांत एवढा मोठा फरक टिकला नाही. पण या वादांमुळे विमानांतून, जहाजांवरून काटेकोर मोजणी झाली, हा फायदा लहान नाही.

मग आला हिंदी महासागर. 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ ही मोहीम झाली. तिचं नेतृत्व रामनाथन आणि पॉल क्रुत्झन यांच्याकडे होतं, भारतीय बाजू ए. पी. मित्रा यांनी सांभाळली आणि आपलं ‘सागरकन्या’ जहाजही त्यात उतरलं. मालदीवजवळ, भर समुद्रात, हवा स्वच्छ असायला हवी होती. प्रत्यक्षात दक्षिण आशियातून वाहत आलेला तपकिरी धुरकट थर सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर पसरला होता. त्यातली काजळी ऊन शोषून हवा तापवत होती आणि खालच्या पाण्यावर ऊन कमी पोहोचत होतं. ही घट वातावरणाच्या माथ्यावर (म्हणजे अवकाशातून मोजल्यावर) दिसणाऱ्या घटीच्या सुमारे तिप्पट होती. काजळीनं तापलेल्या हवेत छोटे ढग विरून जाऊ शकतात, हेही याच मोहिमेतून पुढे आलं.

2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं या थराला ‘एशियन ब्राउन क्लाउड’ म्हणत अहवाल काढला, तेव्हा भारतातून तीव्र आक्षेप आले. जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ या हवामानशास्त्रज्ञांनी त्यातल्या शास्त्रीय दाव्यांवर लेखी टीका केली. पुढे नावातून आशिया गेला आणि ‘ॲटमॉस्फेरिक’ आला. टीकेत तथ्य होतं: एका हंगामाच्या मोजणीवरून पावसाबद्दल फार बोललं गेलं होतं. 2008 मधला रामनाथन यांचा काजळीच्या उष्णतेचा आकडाही नंतरच्या आयपीसीसी अंदाजांपेक्षा बराच जास्त ठरला. तरीही धुरकं मान्सूनवर परिणाम करतं, हा प्रश्न विज्ञानाच्या पटावर आला तो याच कामातून. 2009 मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशात ‘प्रोजेक्ट सूर्या’ सुरू करून धूर कमी करणाऱ्या चुली घराघरांत नेल्या.

ढगांचं कोडं पुढे थोडं उलगडलं. 2021 च्या आयपीसीसी अहवालानं कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या तापमानवाढीची मर्यादा 2.5 ते 4 अंशांवर आणली, आणि तापत्या जगात ढगांचे बदल एकंदरीत तापमानवाढीत भरच घालतील, असं बऱ्याच खात्रीनं म्हटलं. धूलिकण आणि ढग यांचं नातं मात्र अजून अनिश्चित आहे. मे 2024 मध्ये युरोप आणि जपान यांनी मिळून सोडलेला ‘अर्थकेअर’ उपग्रह रडार आणि लेसर दोन्ही वापरून आता तेच मोजतो आहे.