खाऱ्या पाण्यातून आधी कोण बाहेर पडतं?

गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याला किंवा पणजीजवळ रायबंदरच्या बाजूला मिठागरं आहेत. पावसाळा सरला की त्यांची डागडुजी होते, मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी आत घेतलं जातं आणि एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात फिरवलं जातं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी आटवायचं आणि मीठ ओढायचं, एवढंच काम. पण त्या वाफ्यांमध्ये स्फटिकशास्त्राचा एक मोठा धडा दर उन्हाळ्यात गिरवला जातो, आणि तो नीट समजला तर लेझरपासून क्ष-किरणांपर्यंतच्या संशोधनातलं बरंच काही उलगडतं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. तरीही पाणी आटू लागल्यावर पहिल्यांदा मीठ बाहेर पडत नाही. पाणी निम्म्याच्या आसपास आलं की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसू लागतं. पुढे पाचव्या-चौथ्या हिश्श्यावर आलं की जिप्सम. मिठाची पाळी येते ती पाणी दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरल्यावर. सगळ्यात शेवटी मॅग्नेशियमचे कडू क्षार उरतात, म्हणून ते पाणी वेळेवर काढून टाकावं लागतं. हा क्रम केवळ कोणाचं प्रमाण किती यावर ठरत नाही. कोण किती विरघळू शकतं, यावर मुख्यतः ठरतो. लिटरभर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम मावतं, जिप्सम अडीच ग्रॅमही नाही. ज्याची विद्राव्यता कमी, तो आधी बाहेर.

हे वाक्य लक्षात असू द्या. याच्याच आधारे गोव्यातल्या एका रसायनशास्त्रज्ञाने स्फटिक-संशोधनातल्या अनेक दाव्यांची उलटतपासणी केली आहे. तिथे जाण्याआधी या वाफ्यांतून बाहेर पडणाऱ्या तिघांची प्रकाशाशी कशी गाठ पडते ते बघू.

मिठापासून सुरुवात करू. अणूंची मांडणी क्ष-किरणांनी उलगडलेल्या पहिल्या स्फटिकांत मिठाचा मान आहे. १९१३ साली विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी हे काम केलं. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं तेव्हा लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता. त्यांना दिसलं ते असं: सोडियम आणि क्लोरीनचे आयन उभे-आडवे-खोल, तिन्ही दिशांना एकाआड एक बसलेले आहेत. जोडीजोडीने बांधलेला मिठाचा सुटा रेणू त्यात कुठेच नाही. हे पचवणं अनेकांना जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तर १९२७ सालीही या मांडणीविरुद्ध त्रागा करणारं पत्र 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. या मांडणीचा सगळ्यात छोटा घनाकार घटक ०.५६४ नॅनोमीटरचा. मिलिमीटरभर कडेच्या मिठाच्या दाण्यात एका कडेवर असे साडेसतरा लाखांहून जास्त घटक ओळीने बसलेले असतात, आणि दाण्याचा चौकोनी आकार हा त्या ओळींचाच बाहेर दिसणारा परिणाम आहे.

मांडणी तिन्ही दिशांना सारखी असल्यामुळे प्रकाश मिठातून कुठूनही गेला तरी त्याचा वेग तोच राहतो. शिवाय मीठ अवरक्त किरणांना सुमारे १५ मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंत वाट देतं. साधी काच तीनच्या आसपासच हात टेकते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात उष्णतेच्या किरणांचा अभ्यास करणाऱ्यांनी खनिज मिठाचे लोलक आणि भिंगं वापरली. त्याचा भाऊबंद पोटॅशियम ब्रोमाइड आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. तपासायच्या पदार्थाची चिमूट त्यात खलून, दाबयंत्रात दाबून पारदर्शक चकती करायची आणि ती अवरक्त वर्णपटमापकात ठेवायची, हे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेलं असतं. गोव्याच्या पावसाळ्यात ही चकती ओल धरते आणि बघता बघता दुधाळ होते.

मीठ आणि साखर यांतला फरक चव न घेता, फक्त प्रकाशाने ओळखता येतो, आणि हा प्रयोग घरी जरूर करावा असा आहे. पोलरॉइड गॉगल आणि पडदा मागे पूर्ण आडवा होणारा एलसीडी लॅपटॉप लागेल. पडद्यावर पांढरं पान उघडा. गॉगलची काच वर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो, कारण पडद्यातून येणारा प्रकाश एकाच पातळीत थरथरत असतो आणि काच नेमका तोच अडवते. आता स्वच्छ काचपट्टीवर एका बाजूला मिठाचे, दुसऱ्या बाजूला साखरेचे थोडे दाणे पसरा, पट्टी पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा आणि साध्या भिंगातून बघा. साखरेचे दाणे काळ्या पार्श्वभूमीवर झळकतात, पातळ कडांवर रंगही दिसतात. मिठाचे दाणे अंधारातच राहतात. साखरेतली मांडणी प्रत्येक दिशेला वेगळी आहे, म्हणून आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात, दोघे वेगळ्या वेगाने चालतात आणि बाहेर पडेपर्यंत थरथरण्याची पातळी बदललेली असते. खडीसाखरेचा पातळ कपचा मिळाला तर तोही बघा.

दुभंगलेल्या प्रकाशाचा सगळ्यात प्रसिद्ध धनी म्हणजे कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेटचं स्फटिकरूप. १६६९ साली डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिनने आइसलँडहून आलेला कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा अक्षरांवर ठेवला आणि प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं. एका किरणाचा वक्रीभवनांक १.६५८, दुसऱ्याचा १.४८६. हा फरक खनिजांमध्ये मोठाच म्हणायचा. कारण त्याच्या रचनेत आहे. कार्बनभोवती तीन ऑक्सिजन मिळून एक सपाट त्रिकोण बनतो, आणि कॅल्साइटमध्ये हे सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर असतात. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्रिकोणांच्या पातळीत डोलत असेल तर इलेक्ट्रॉन त्याला जास्त साथ देतात आणि प्रकाश मंदावतो. पातळीला काटकोनात असेल तर साथ कमी, वेग जास्त. लॉरेन्स ब्रॅगने १९२४ साली नुसत्या अणूंच्या जागांवरून हे दोन्ही अंक जवळपास बरोबर काढून दाखवले. मला हा विसाव्या शतकातल्या सुंदर गणितांपैकी एक वाटतो.

गोव्यातल्या जुन्या घरांत कॅल्साइट खिडकीत बसलेलं आहे. काच दुर्मीळ होती त्या काळात लाकडी चौकटीत शिंपल्यांचे चौकोनी तुकडे सरकवून तावदानं केली जात. पणजीतल्या फोंतेयन्हशच्या गल्ल्यांत आणि चांदरच्या वाड्यांत ती अजून बघायला मिळतात. हा प्लाकुना प्लासेंटा नावाचा चपटा शिंपला. त्याच्या वजनाचा जवळजवळ ९९ टक्के भाग कॅल्साइट, बाकी थोडं सेंद्रिय द्रव्य, आणि दृश्य प्रकाशातला सुमारे ८० टक्के प्रकाश तो आत येऊ देतो. जवळून पाहिलं तर कडेला पापुद्रे सुटलेले दिसतात. प्रत्येक पापुद्रा हा कॅल्साइटच्या लांबट, अतिशय पातळ पट्ट्यांचा थर असतो. २०१४ साली एमआयटीच्या लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी या शिंपल्यावर टोकदार सुईने दाब देऊन बघितलं. खाणीतला कॅल्साइटचा एकसंध स्फटिक असा दाब आला की तडकतो. शिंपल्यातल्या पट्ट्या मात्र नॅनोमीटरच्या पातळीवर वळून स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या मांडणीत जातात, आणि आघाताची ऊर्जा खड्ड्याभोवतीच जिरून जाते. एकसंध कॅल्साइटपेक्षा सुमारे दहापट ऊर्जा शोषली गेली. पारदर्शक चिलखत करू पाहणारे संशोधक यावर बारीक लक्ष ठेवून आहेत. रसायन तेच असूनही रचनेने एवढा फरक पडतो, आणि त्याचा नमुना आपल्याकडे दोन-तीनशे वर्षं ऊनपाऊस झेलत उभा आहे. घर दुरुस्त करताना ही तावदानं काढून काच लावली जाते तेव्हा वाईट वाटतं, ते केवळ वारशापोटी नाही.

मिठागरातला दुसरा सोबती, जिप्सम, प्रयोगशाळेत शांतपणे मोठं काम करत आला आहे. ध्रुवण-सूक्ष्मदर्शकात, म्हणजे ध्रुवित (एकाच पातळीत थरथरणाऱ्या) प्रकाशाने बघायच्या सूक्ष्मदर्शकात, ठरावीक जाडीची जिप्समची चकती सरकवली की सगळं दृश्य किरमिजी होतं, आणि त्यावर स्फटिकाच्या दिशेप्रमाणे पिवळा किंवा निळा रंग उमटतो. आता अशा चकत्या बहुधा क्वार्ट्झच्या असतात. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी ध्रुवित प्रकाशात बघून गाउटचे यूरेट स्फटिक ओळखायची पद्धत मांडली. यूरेटची सुई चकतीच्या अक्षाला समांतर असेल तर पिवळी, आडवी असेल तर निळी. दुसऱ्या एका दुखण्यात, ज्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साचतात, रंग बरोबर उलटे. सुजलेला गुडघा दोन्हीकडे सारखाच दिसतो, उपचाराची दिशा मात्र वेगळी.

त्याच १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकावर रोखला. पलीकडे अतिशय क्षीण असा ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघाला, म्हणजे नेमकी अर्धी तरंगलांबी. दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मिळून एक झाले होते. पुराव्याच्या छायाचित्रातला तो ठिपका इतका पुसट होता की छापताना डाग समजून तो काढून टाकला गेला. हे काम मीठ किंवा कॅल्साइट करत नाही. त्यांच्या मांडणीत मध्यबिंदूच्या एका बाजूला जे आहे तेच बरोबर विरुद्ध बाजूलाही असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखेच हलतात आणि दुप्पट वारंवारतेचा परिणाम शून्य होतो. क्वार्ट्झमध्ये असा मध्यबिंदू नाही. मिरामारच्या वाळूत हे क्वार्ट्झ ओंजळीने सापडतं. दाबल्यावर विद्युतभार निर्माण करण्याचा त्याचा गुण, जो क्युरी बंधूंनी १८८० साली शोधला आणि जो मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ कंपनं मोजतो, तोही याच अभावातून येतो.

आज सादरीकरणात वापरतात तो हिरवा लेझर पॉइंटर बहुतेक वेळा मुळात हिरवा नसतो. आत १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार होतो आणि पोटॅशियम टायटनिल फॉस्फेटचा बारीक स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रचंड लेझर-केंद्रात १९२ झोतांची तरंगलांबी १०५३ वरून ३५१ नॅनोमीटरवर आणायला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे, म्हणजे केडीपीचे, पाण्यातच वाढवलेले शेकडो किलोंचे स्फटिक कापून वापरले. पूर्वी एवढ्या आकाराला दोन वर्षं लागायची, नव्या पद्धतीने दोनेक महिने.

असा गुणी नवा स्फटिक सापडावा म्हणून जगभर, आणि भारतातल्या कॉलेजांत तर फार मोठ्या प्रमाणावर, काम चालतं. खर्च कमी लागतो. ग्लायसीनसारखं अमिनो आम्ल आणि एखादा क्षार पाण्यात विरघळवायचा, बीकरच्या तोंडावर भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी तळाशी पारदर्शक स्फटिक येतो. मग दोन्ही घटकांची नावं जोडून त्याला नवा पदार्थ म्हणून जाहीर केलं जातं. इथेच घोळ होतो. बीकरमध्ये दोन पदार्थ घातले म्हणून दोघांचा मिळून एक स्फटिक होईलच असं नाही. मिठागरातल्यासारखंच, ज्याची विद्राव्यता कमी तो एकटाच आधी बाहेर येतो.

गोवा विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ बी. आर. श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह अशा अनेक प्रसिद्ध झालेल्या दाव्यांची छाननी केली. नवा म्हणून सांगितलेला स्फटिक बऱ्याचदा सुरुवातीला घातलेला कच्चा मालच होता, हे त्यांच्या टिपणांनी दाखवलं. हे काम कौतुकाच्या टाळ्या मिळवून देणारं नाही, कोणाचं तरी चुकलं हे लेखी सांगावं लागतं. तरी ते झालं पाहिजे, कारण एका चुकीच्या नावावर पुढचे दहा लेख आणि काही प्रबंधही उभे राहतात.

फसगत कशी होते याचं ग्लायसीन हेच उत्तम उदाहरण. साध्या पाण्यातून त्याचा अल्फा प्रकार मिळतो, ज्यात मध्यबिंदूची सममिती आहे, त्यामुळे लेझरची तरंगलांबी तो अर्धी करत नाही. पाण्यात मीठ घातलं की तेच ग्लायसीन गॅमा प्रकारात स्फटिकरूप घेऊ लागतं आणि त्यात ही सममिती नसते. कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ साली मांडलेल्या चाचणीप्रमाणे त्याची पूड करून १०६४ नॅनोमीटरचा झोत टाकला तर हिरवा प्रकाश दिसतो. ग्लायसीन आणि मीठ यांचं नवं संयुग सापडलं, असं वाटायला तेवढं पुरतं. प्रत्यक्षात स्फटिकात सोडियमही नसतं, क्लोरीनही नाही. एका स्फटिकावर क्ष-किरण टाकून (एकस्फटिक क्ष-किरण विवर्तनाने) घटक-पेशीची, म्हणजे मांडणीतल्या सगळ्यात छोट्या घटकाची, मापं काढली आणि जुन्या नोंदींशी ताडली की काही तासांत हे उघड होतं. ते यंत्र हाताशी नसेल तर क्लोराइडची साधी सिल्व्हर नायट्रेट चाचणीही पुष्कळ सांगून जाते.

ग्लायसीनची खरी संयुगं नाहीत असं मुळीच नाही. ग्लायसीनचे तीन रेणू आणि सल्फ्युरिक आम्लाचा एक, यांचा ट्रायग्लायसीन सल्फेट नावाचा स्फटिक आहे. त्याचा फेरोविद्युत गुण, म्हणजे आतल्या विद्युतभारांची दिशा बाहेरून उलटवता येण्याचा गुण, १९५६ साली बेल प्रयोगशाळेत सापडला, पुढच्या काही वर्षांत त्याची रचना क्ष-किरणांनी पक्की झाली. तापमानातला किंचितसा बदलही तो विद्युतसंकेतात उतरवतो. त्याचंच ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं रूप आज कॉलेजांतल्या अनेक अवरक्त वर्णपटमापकांत संवेदक म्हणून बसवलेलं असतं. पोटॅशियम ब्रोमाइडच्या त्या चकतीतून पार झालेला प्रकाश शेवटी त्याच्यावरच पडतो.