गाडी बदलण्यापूर्वी: सीएनजी आणि विजेवरील मालवाहू गाड्यांविषयी वाहनधारकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या भागांत पाच-दहा मालवाहू गाड्या बाळगून व्यवसाय करणाऱ्या वाहनधारकांसाठी हे पत्रक आहे. सीएनजीची किंवा विजेवर चालणारी गाडी घ्यावी का, असा सल्ला घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी इंधनाचा दर विचारतात. ती चौकशी रास्तच आहे. परंतु गाडी कोणत्या रस्त्याने धावते, कोणता माल नेते आणि रात्री कुठे उभी राहते, हे समजल्याशिवाय आम्ही कोणालाही इंधन सुचवत नाही. एकाच मालकाच्या दोन गाड्यांना दोन वेगळी इंधने योग्य ठरतात, आणि तिसरी गाडी डिझेलवरच राहू द्यावी असेही आम्ही अनेकदा सांगतो. आम्ही गाड्या किंवा सीएनजी किट विकत नाही आणि कोणत्याही विक्रेत्याकडून दलाली घेत नाही, त्यामुळे असे सांगणे आम्हाला परवडते.

आधी नोंद, मग निर्णय

आमचे काम नोंदीपासून सुरू होते. दोन आठवडे प्रत्येक गाडीची वही ठेवावी लागते: सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर किलोमीटरचा आकडा, प्रत्येक खेपेतील मालाचे वजन, रिकामी धाव किती झाली, गाडी कुठे किती वेळ थांबली आणि डिझेल किती भरले. चालकाला हे ओझे वाटू नये म्हणून आम्ही छापील तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये देतो. मालकाच्या अंदाजातले ॲव्हरेज आणि वहीतले ॲव्हरेज यांत फरक निघतो, तो बहुधा रिकाम्या धावेचा आणि उभ्या गाडीत चालू राहिलेल्या इंजिनाचा असतो. तो आधी कळला, तर काही वेळा इंधन न बदलताही खर्च कमी होतो.

गाडी वजनाने भरते की जागेने, हेही वहीतूनच ठरते. उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्रीतून कास्टिंग घेऊन कागल किंवा गोकुळ शिरगावला जाणारी गाडी निम्मी जागा रिकामी असतानाच परवानगीच्या वजनापर्यंत पोहोचते. अशा गाडीत वायूच्या पोलादी टाक्यांचे किंवा बॅटरीचे जे वजन वाढेल, तेवढा माल प्रत्येक खेपेला कमी न्यावा लागतो आणि इंधनात वाचलेले पैसे कमी झालेल्या भाड्यात जातात. पाव, बेकरीचा माल किंवा पालेभाजी नेणारी गाडी मात्र जागेने भरते, वजन शिल्लक राहते, त्यामुळे टाकीच्या किंवा बॅटरीच्या वजनाची झळ तिला फारशी लागत नाही. इंधन बदलण्याची सुरुवात करायचीच असेल तर ती अशा गाडीपासून करावी, असे आमचे ठाम मत आहे.

सीएनजी

दाभोळ-बेंगळुरू नैसर्गिक वायुवाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली आणि ती आपल्या जिल्ह्यातून जाते. तरीही प्रत्येक पंप वाहिनीला जोडलेला नसतो. काही पंपांवर वायू सिलिंडरांच्या गाडीतून आणला जातो आणि गर्दीच्या वेळी तिथला दाब उतरतो. टाकी २०० बार दाबापर्यंत भरण्यासाठी बनवलेली असते. ती १५० बारवरच थांबली तर साधारण पाव भाग वायू कमी मिळतो आणि ठरलेली खेप अर्ध्या वाटेत अडते. ६० लिटर पाणीक्षमतेच्या टाकीत पूर्ण दाबाला सुमारे ९ ते १० किलो वायू मावतो, पण भर उन्हात वेगाने भरताना वायू तापत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी भरतो. म्हणून शक्य तिथे पहाटे किंवा रात्री भरावे. आपल्या रस्त्यावरील कोणता पंप वाहिनीला जोडलेला आहे आणि कोणत्या वेळी रांग नसते, याची पाहणी आम्ही गाडी घेण्याआधी करून देतो, कारण रांगेतला तास हा चालकाच्या पगाराचा आणि चुकलेल्या खेपेचाही खर्च असतो.

टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर ३ वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावी लागते. तिची मुदत टाकीजवळच्या पट्टीवर लिहिलेली असते आणि मुदत उलटलेल्या गाडीत पंपावर वायू भरू नये, असा नियम आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो वर छताकडे जातो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये गाड्या उभ्या करणाऱ्यांनी म्हणूनच शेडच्या वरच्या बाजूला हवा जाण्याची वाट ठेवावी. खालच्या खिडक्यांचा त्यासाठी उपयोग होत नाही.

जुन्या डिझेल गाडीला सीएनजी करून घेण्याची चौकशी वारंवार होते. डिझेल इंजिनात ठिणगीची व्यवस्था नसते आणि त्याचा दाबही वायूसाठी फार असतो. त्यामुळे बदल केवळ टाकी आणि नळ्यांपुरता राहत नाही, इंजिनच जवळजवळ नव्याने बांधावे लागते. आम्ही हा सल्ला देत नाही. पेट्रोलवरील छोट्या गाडीला किट बसवायचे असेल, तर ते त्याच मॉडेलसाठी प्रमाणित असले पाहिजे, अधिकृत केंद्रात बसवले पाहिजे आणि आर.सी.वर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्याची नोंद झाली पाहिजे. ही नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

विजेवरील गाडी आणि घाट

शहरात आणि आसपास माल पोहोचवणारी, रात्री ठरलेल्या जागी परतणारी गाडी विजेसाठी सर्वांत योग्य असते. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याहून परतताना तेवढी उंची चढायला दर टन वजनामागे निव्वळ २ युनिट वीज लागते. मालासह २ टन भरणाऱ्या गाडीला ४ युनिट, आणि मोटर व इतर भागांतील गळती धरली तर साडेचार ते पाच. बॅटरी २० युनिटांची असेल, तर तिचा जवळजवळ पाव भाग फक्त चढणीत जातो, रस्ता कापण्याचा खर्च वेगळाच. कंपनीने सांगितलेले किलोमीटर ठरावीक चाचणीतले असतात. चोर्ला घाटासाठी ते जसेच्या तसे धरू नयेत.

याची दुसरी बाजू बेळगावच्या भाजी व्यापाऱ्यांच्या फायद्याची आहे. त्यांची गाडी घाट उतरताना भरलेली आणि चढताना बहुधा रिकामी असते. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून काही वीज बॅटरीत परत भरते आणि ब्रेकची झीजही कमी होते. गोव्याहून मासळी भरून वर येणाऱ्या गाडीचे गणित नेमके उलटे आहे, तिला विजेवर नेण्याची घाई करू नये.

उतारावर वीज परत मिळण्यासाठी बॅटरीत जागा असावी लागते. बेळगावहून निघालेल्या गाडीची बॅटरी घाटापर्यंत थोडी उतरलेली असते. जांबोटी किंवा कणकुंबीहून उतरणाऱ्यांनी ती काठोकाठ भरून निघू नये. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय काही चालकांना असते. ती कोणत्याही गाडीत धोक्याचीच, परंतु विजेवरील गाडीत न्यूट्रल केले की परत मिळणारी वीजही थांबते आणि सारा भार ब्रेकवर येतो. चालकांचे प्रशिक्षण आम्ही वर्गात न घेता घाटातच, त्यांच्याच गाडीत बसून देतो.

चार्जिंगसाठी आपल्या जागेतली वीजजोडणी तपासणे हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे २० युनिटांची बॅटरी भरायला साडेसहा-सात तास लागतात. पाच गाड्या एकदम लावल्या तर मागणी १६ किलोवॅटच्या पुढे जाते आणि गोदामाची जुनी जोडणी ती पेलत नाही. त्यासाठी हेस्कॉम या वीजपुरवठा कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे किंवा गाड्या पाळीपाळीने लावणे, असे दोन मार्ग आहेत, आणि तीन-चार गाड्यांपर्यंत पाळीचा मार्ग पुरतो. वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजदर आहे. स्वतंत्र मीटर घेणे आपल्याला किफायतशीर ठरेल का, हे मागील बिले पाहून आम्ही सांगतो. अर्थिंग चांगले असणे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवणे यांत तडजोड नको, विशेषतः खानापूर तालुक्यातील पावसात. तिथे पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरून एका दिवसाच्या कामापुरती डिझेल गाडी हाताशी ठेवावी.

बॅटरीची हमी घेताना वर्षे आणि किलोमीटर एवढेच पाहू नये. मुदतीअखेर मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता राहील, हे कागदावर लिहून घ्यावे आणि गाडी विकल्यास हमी पुढच्या मालकाला मिळते का, तेही विचारावे.

कागदपत्रे आणि सीमा

बॅटरीवरील मालवाहू गाड्यांना परमिट घेण्यापासून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये सूट दिली आहे. रोज कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात किंवा चोर्ल्यातून गोव्यात जाणाऱ्यांसाठी ही सवलत मोलाची आहे. आर.सी., विमा आणि एफ.सी. (गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र) यांतून मात्र सूट नाही. अशा व्यावसायिक गाडीची नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकाकडे परमिटची सूट देणाऱ्या अधिसूचनेची प्रत असावी, म्हणजे तपासणीच्या वेळी बोलणे सोपे जाते. सीएनजीच्या गाडीला परमिट डिझेलप्रमाणेच लागते. बेळगाव आणि चिकोडी येथील परिवहन कार्यालयांतील कन्नड अर्ज आम्ही भरून देतो आणि सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर मराठीतून समजावून सांगतो.

अन्य इंधनांविषयी थोडक्यात. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप राहते आणि गाडी अनेक दिवस उभी राहिल्यास टाकीतून वाया जाते, म्हणून ती पुणे-बेंगळुरूसारख्या अखंड धावणाऱ्या मोठ्या ट्रकांसाठीच विचारात घ्यावी. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या गाडीत वापरताना रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. बायोडिझेल म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे तेल, त्याचे गुणवत्ता प्रमाणपत्र दिसल्याशिवाय बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत घालू नये. त्यात बिघडणारे इंजेक्टर बचतीपेक्षा फार महाग पडतात.

पहिल्या भेटीसाठी येताना प्रत्येक गाडीच्या आर.सी.ची आणि विम्याची प्रत, गाड्या उभ्या राहतात त्या जागेची वीजबिले आणि नेहमीच्या खेपांची यादी आणावी. शक्य असल्यास सोबत आपला सर्वांत जुना चालक आणावा, कारण रस्त्याविषयीच्या आमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असतात.