एएलबी की एनएलबी? नेमकं काय वाटायचंय ते आधी बघा

'एनएलबी फास्ट असतो, तोच लावा' हे ऐकून ऐकून कान किटले. दोन्ही एडब्ल्यूएसचे (ॲमेझॉनच्या क्लाउडचे) लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं काम मागच्या सर्व्हरांत वाटणारे. त्यातला एएलबी तुम्ही वापरलेला असणारच: वेबसाइट, एचटीटीपी, पाथ बघून टार्गेट ग्रुप (सर्व्हरांचा गट). तो २०१६ ला आला. पुढच्या वर्षी एनएलबी आला, तो टीसीपी-यूडीपीच्या थरावर चालतो, म्हणजे आतली रिक्वेस्ट न बघता. स्थिर आयपी हवा तर एनएलबी. एएलबीचे आयपी बदलतात, ते फायरवॉलमध्ये लिहून ठेवणाऱ्याला दंड करायला हवा. इथवर कुणाची गल्लत होत नाही.

घोळ पुढं आहे. एएलबी रिक्वेस्ट वाटतो, एनएलबी कनेक्शन वाटतो.

तासगावच्या द्राक्षबागांत बसवलेली हवामान यंत्रं धरा. प्रत्येक यंत्र एमक्यूटीटीचं (एचटीटीपी नव्हे, यंत्रांच्या छोट्या संदेशांचा प्रोटोकॉल) एक कनेक्शन एनएलबीतून उघडतं आणि दिवसेंदिवस तेच धरून बसतं. मागं दोन सर्व्हर. हवा ढगाळली, डाऊनी रोगाच्या धास्तीनं रीडिंग दर मिनिटाला घ्यायला लावलं, दोन्हींचा सीपीयू नव्वदीला. ऑटोस्केलिंगनं (लोड वाढला की आपोआप सर्व्हर वाढवणारी सोय) तिसरा सर्व्हर उभा केला, हेल्थ चेक हिरवा, आणि तिसरा माश्या मारतोय. लगेच ओरड: लोड बॅलन्सर बिघडला! बिघडलेलं काही नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्याचा अडत्या ठरलाय त्याचा बेदाणा तिथंच उतरतो. शेजारी नवं दुकान उघडलं म्हणून गाडी वळत नाही. एनएलबीत टार्गेट ठरतं ते कनेक्शन उघडताना, एकदाच. ते तुटेपर्यंत बदल नाही.

एएलबीत क्लायंटचं कनेक्शन एएलबीपाशीच संपतं. पुढं सर्व्हरकडं त्याची स्वतःची कनेक्शनं असतात, त्यामुळं एकाच क्लायंटच्या लागोपाठच्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या सर्व्हरवर जाऊ शकतात. म्हणून जीआरपीसीला (एकाच लांब कनेक्शनवरून सर्व्हिसेसच्या अनेक रिक्वेस्ट) मी डोळे झाकून एएलबी लावतो. वेबसॉकेटला (ब्राउझर-सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) मात्र त्याचाही उपयोग नाही: एचटीटीपीवरून वेबसॉकेटला अपग्रेड झालं की तेही एकाच टार्गेटला चिकटतं.

यंत्रांसाठी एनएलबीच ठेवायचा, पण सर्व्हरनं जुनी कनेक्शनं वय झालं की थोडी थोडी तोडायची आणि यंत्रानं परत जोडताना रँडम थांबायचं. सगळी एकदम तोडलीत तर झुंबड उडून तिसराही झोपेल. आणि कीप-अलाइव्ह बघा, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवायला यंत्र अधूनमधून पाठवतं तो छोटा संदेश. एनएलबीचा टीसीपी आयडल टाइमआउट (किती वेळ गप्प राहिलं की कनेक्शन सोडायचं) मुळात ३५० सेकंदांचा. दहा मिनिटांनी एकदा बोलणारं यंत्र तोवर तुटलेलं असतं, त्याला पत्ताही नसतो. कीप-अलाइव्हचं अंतर मी ३०० सेकंदांच्या वर कधीच नेत नाही.