चोक काढला की जनरेटर बंद

गणपतीला आठवडा राहिला की इंदूरच्या रामबागेत आमच्या मंडळाचा जनरेटर अडगळीतून बाहेर येतो. यंदा चोकवर, म्हणजे हवेची वाट अडवून, लगेच सुरू झाला, पण चोक काढला की दोन आचके देऊन बंद. "प्लग गेलाय," शेजारचे काका म्हणाले. प्लग गेला असता तर चोकवर तरी इतका सुरळीत चालला असता का? दुखणं होतं कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जेटमध्ये. जेट म्हणजे पेट्रोल येतं तो बारीक भोकाचा पितळी तुकडा.

इंजिन पेट्रोल ओढून घेतं असं आपण म्हणतो, पण पेट्रोलला वर ढकलते ती आपल्या भोवतालची हवा. कार्बोरेटरची नळी मध्ये निमुळती असते. तेवढीच हवा अरुंद जागेतून न्यायची तर तिला पळावं लागतं, आणि हवा पळाली की तिथला दाब उतरतो. बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, म्हणून ते जेटच्या भोकातून चढतं आणि फवारलं जातं. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम, म्हणजे 12-13 लिटर हवा लागते. हे माप सांभाळतं ते भोक. 0.4 मिलिमीटरचं भोक मळाने 0.3 झालं, तर क्षेत्रफळ 56 टक्केच उरतं!

चोक ही हवेच्या वाटेतली झडप. ती मिटली की नळीतला दाब आणखी पडतो, रेटा वाढतो आणि अर्धवट बुजलेल्या जेटमधूनही पुरेसं पेट्रोल येतं.

वाटी उघडली तर तळाला मधाच्या रंगाचा चिकट थर, वास जुन्या व्हार्निशसारखा. पडून राहिलेल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, उरलेल्याची ऑक्सिजनमुळे राळ होते. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. जेट उजेडाकडे धरलं, तर पलीकडचा प्रकाश जेमतेम दिसत होता. क्लीनरचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा, एवढ्यावर ते मोकळं झालं. स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून अॅव्हरेज वाढतं म्हणून ते विकणारे आजही भेटतात. पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. ते पैसे नव्या फिल्टरवर घाला.

विसर्जनानंतर आम्ही टाकीचा कॉक बंद करून जनरेटर आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवणार आहोत. वाटी रिकामी, मग राळ कशाची होणार?